शब्दचर्चा : भूत, उतारा, देव्व आणि सीमाभागातली कोटी

बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा गेल्या आठवड्यात फोन आला. "मामा, ३१ ऑक्टोबरला आमच्या ऑफिसात हॅलोवीनची सजावट असते. भिंतीवर सगळ्या भाषांतल्या भुताच्या कोट्या लावायच्या आहेत. मराठीतली एक दे. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या धारवाडच्या मुलीलाही ती कळली पाहिजे." नमुना म्हणून तिनं एक इंग्रजी कोटी सांगितली. सांगाडा पार्टीला का गेला नाही? त्याच्यासोबत जायला 'नोबडी' होतं म्हणून. अखंड वाचलं तर 'कुणीच नाही', आणि तोडून 'नो बॉडी' वाचलं तर 'अंगच नाही'.

मी वही घेऊन बसलो आणि लिहिलं, "सांगाडा कार्यक्रमाला गेला नाही, कारण सोबत जायला कुणी नव्हतं." अर्थ सगळा उतरला, पण हसू कुठल्या कुठं गेलं. चार दिवस हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय. मी बेळगाव तालुक्यात मराठी शिकवतो. श्लेष हा अलंकार मुलांना दरवर्षी सांगतो, पण तो कसा चालतो हे त्या एका वाक्यानं मला नव्यानं दाखवलं.

जुन्या साहित्यशास्त्रात याची एक साधी कसोटी आहे. शब्द काढा, त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा घाला. गंमत टिकली तर तो अर्थश्लेष, मेली तर शब्दश्लेष. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त ही चर्चा आहे. शब्द बदललेला जो सोसत नाही त्याला 'परिवृत्त्यसह' म्हणतात. भाषांतर म्हणजे तरी काय, सगळेच शब्द बदलणं. म्हणजे शब्दश्लेष मुळातच भाषांतर न सोसणारा.

'श्लेष' शब्दात श्लिष् धातू आहे, म्हणजे चिकटणे, बिलगणे. आश्लेष म्हणजे मिठी, श्लेष्मा म्हणजे चिकट कफ. एका उच्चाराला दोन अर्थ बिलगले की श्लेष. आणि भूत काय करतं? तेही 'लागतं'. लागणे हे लग् धातूचं, 'लग्न' त्याच धातूचं. म्हणून "लग्न लागलं" आणि "भूत लागलं" यांत क्रियापद एकच, हे मुलांना सांगितलं की वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच त्यांना व्याकरण कळलेलं असतं.

'कोटी' हा आपला रोजचा शब्द. शंभर लाख म्हणजे कोटी, धनुष्याचं टोक म्हणजेही कोटी (धनुष्कोटी आठवा), आणि शब्दावर केलेली गंमत म्हणजेही कोटी. शब्दाच्या अशा टोकावर उभं राहून दोन्ही बाजूंना बघता येतं, असं मला तरी वाटतं.

श्लेषाचे दोन प्रकार शाळेत शिकवतात. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग, तोडून निघाले तर सभंग. इंग्रजी नोबडी सभंग. भुतांच्या शब्दांत मराठी सभंग शोधताना मला 'भुतावळ' सापडला. भुतावळ म्हणजे भुतांचा थवा. तोडला की "भुता, वळ!" आणि भुताचे पाय तर आधीच उलटे, ते वळणार कुठं? ही कोटी मला आवडली, पण धारवाडच्या मुलीला ती समजावून सांगावी लागेल, आणि समजावलेली कोटी म्हणजे गार झालेली भजी.

'भूत' शब्दाबद्दल थोडं. भू म्हणजे होणे, भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. यातूनच भूतकाळ. जे अस्तित्वात आलं ते भूत, म्हणून पंचमहाभूतं, म्हणून भूतदया. आणि होऊन गेल्यावरही जे जात नाही तेही भूत. तीन अर्थ एकाच मुळाच्या फांद्या आहेत. कारणीभूत, अंतर्भूत, पायाभूत यांतलं भूतही तेच, 'झालेलं'. पण 'अद्भुत' लिहिताना जपायचं. त्यात भु ऱ्हस्व आहे. मुलं तिथं दीर्घ काढतात, याचं कारण मला वाटतं हे जवळच बसलेलं भूतच.

आता ज्या शब्दासाठी मला खरं म्हणजे जास्त लिहायचंय तो 'उतारा'. उतरणे या एका क्रियापदातून केवढा पसारा! भूतबाधा झाली, नजर लागली की भात, लिंबू, मिरच्या ओवाळून तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, ठेवतात तो उतारा. विषावरचं औषध म्हणजे उतारा. परीक्षेत "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा" तो उतारा. आणि आमच्याकडं सगळ्यांत भीतिदायक म्हणजे जमिनीचा उतारा. सीमाभागात हा शब्द दोन्ही भाषांचा आहे. कन्नड शेतकरीसुद्धा त्या कागदाला 'उतार' म्हणतो. आमच्या घरी जमिनीची वाटणी बारा वर्षं लटकली होती. आजी म्हणायची, "या जमिनीला भूत लागलंय." आणि वडील शांतपणे म्हणायचे, "मग उतारा काढायला पाहिजे." आजी लिंबाचा विचार करायची, वडील कचेरीचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका वाक्यात दोन माणसं दोन जगांत उभी राहू शकतात हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

तर माझे प्रश्न असे. भुताखेतांशी नातं असलेले, दोन अर्थ देणारे शब्द तुमच्या गावाकडं कुठले आहेत? आणि मराठी-कन्नड दोन्ही कानांना एकदम लागेल अशी कोटी कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद, निपाणीहून :
सर, उताऱ्याचा एक अर्थ राहिला. आम्ही ऊसवाले. साखर उतारा! शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते टक्क्यात सांगतात. अलीकडच्या हंगामांत १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ठरतो, त्यावर उतारा वाढला तर दर वाढतो. आमच्या आबांना कुणी "उतारा पडला" असं सांगितलं की ते विचारायचे, "कारखान्याचा का तिकाटण्यावरचा?" एक पडणं वाईट, दुसरं ओलांडणं वाईट. आणि बघा, तुमचं भूत 'पायाभूत'मध्ये बसून उसाच्या दरापर्यंत आलंय.

दुसरं विचारायचं होतं. "असतील शितं तर जमतील भुतं" यातली भुतं कुठली? प्राणिमात्र की पिशाच्चं?

मूळ लेखक :
साखर उतारा मी विसरलो याची खरोखर हळहळ वाटली. जिल्ह्यात एवढे कारखाने असताना!

शितांच्या म्हणीत, माझ्या मते, दोन्ही आहेत आणि म्हणूनच ती इतकी टिकली. उताऱ्यात शिजलेला भातच असतो आणि भुतं भाताला येतात ही समजूत. पण म्हण वापरतो ती माणसांसाठी, पैसा असला की जमणाऱ्या गोतावळ्यासाठी. 'भुतं'च्या जागी 'माणसं' घालून बघा. अर्थ राहतो, चिमटा जातो. यमकही जातं, ते वेगळंच.

प्रतिसाद, खानापूरहून :
आमच्याकडं जंगल, नदी, विहिरी, म्हणजे पाण्याची भुतं भरपूर. साती आसरा सगळ्यांना माहीत असतील. आमची मावशी सून म्हणून पहिल्यांदा गावात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिकडच्या विहिरीकडं जाऊ नकोस, तिथं आसरा आहे." ती घाटाखालची. तिला वाटलं, पावसात थांबायला आडोसा आहे. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तशी घागर घेऊन तिथंच जाऊन उभी राहिली! घरात हलकल्लोळ.

अजून एक 'समंध'. "तुझा नि माझा काय समंध?" असं आमच्यात भांडताना म्हणतात. समंध म्हणजे भूतपण. लहानपणी मला वाटायचं की भांडणारी माणसं एकमेकांची भुतं वाटून घेताहेत.

मूळ लेखक :
दोन्ही शब्द उत्तम, आणि दोघांतला फरक बघण्यासारखा आहे. विहिरीतल्या आसरा म्हणजे अप्सरा. अप्सरा झिजून आसरा झाली. थांबायचा आसरा आश्रयापासून आला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एका उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. उताऱ्याचं तसं नाही. तिथं एकच शब्द पाच घरी नांदतो. कोटी दोन्हीवर होते, पण आसऱ्यासारख्या योगायोगावर जास्त हसू येतं असा माझा अनुभव आहे. उताऱ्याचे अर्थ एकमेकांना ओळखतात, आतून कुठंतरी जुळतात. आश्रय आणि अप्सरा मात्र एकमेकांना ओळखतच नाहीत. मावशींना हे सांगा, आणि त्यांची गोष्ट मी वर्गात सांगितली तर चालेल का तेही विचारा.

समंधाचं सांगायचं तर संबंध बोलताना ब जाऊन म येतो, तोंडाचा आळस. भांडणातला समंध तिथून येतो. आणि मेल्यावरही ज्याचा घराशी संबंध सुटत नाही, तो समंध नाही तर कोण?

प्रतिसाद, हुक्केरीहून :
नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठी शाळेत झालं. चूक झाली तर सांभाळून घ्या. भुताला आम्ही 'देव्व' म्हणतो. ए ऱ्हस्व आणि व वर जोर. देवाला 'देवरु'. पहिलीत बाईंनी विचारलं, "देव कुठं राहतो?" मी उभा राहून सांगितलं, "चिंचेच्या झाडावर, बाई. रात्री जायचं नाही." बाई रागावल्या नाहीत, पण सगळा वर्ग घाबरला.

मूळ लेखक :
तुमचं मराठी निर्मळ आहे, सांभाळून घ्यायचं काही नाही. देव्व हा देव-दैव याच कुळातला. घर एकच, पण एक देव्हाऱ्यात बसला आणि एक चिंचेवर. किनाऱ्याकडं तुळुनाडूत तर 'भूत' म्हणजे गावाचं रक्षण करणारं दैवत, त्याची कोला, म्हणजे नाचाचा विधी, करून आराधना होते. म्हणजे मराठीत भ्यायचं ते भूत तिकडं पूजेला, आणि मराठीत पूजेचा तो देव एका जोरानं कन्नडात झाडावर.

तुमच्यामुळं माझी एक आठवण जागी झाली. आमच्या मळ्यातले म्हातारे कामकरी मामा कन्नड बोलायचे. आम्हा पोरांनी त्यांना विचारलं, "मामा, विहिरीत भूत आहे का?" ते म्हणाले, "हौद." कन्नडात हौदु म्हणजे होय. आम्ही ऐकलं पाण्याचा हौद. भूत विहिरीत नाही, हौदात आहे! उन्हाळाभर आम्ही त्या विहिरीत बिनघोर पोहलो आणि गोठ्याजवळच्या हौदाकडं कुणी फिरकलं नाही. मामांना वाटत असणार, काय धाडसी पोरं आहेत ही.

प्रतिसाद, हुक्केरीहून :
हौदची गंमत आमच्या घरीही चालते! मग 'मर' पण घ्या. कन्नडात मर म्हणजे झाड. माझ्या आईनं मराठी शेजारणीला बजावलं होतं, "मर, मर!" म्हणजे झाड बघा, फांदी पडेल. शेजारीण दोन दिवस बोलली नाही.

प्रतिसाद, चिकोडीहून :
एक शंका मांडतो, राग मानू नये. हे श्लेष खरेच मराठीचे का? अर्धा शब्द कन्नड आणि अर्धा मराठी. पुण्याच्या वाचकाला हौद, देव्व, मर यांतलं काही कळणार नाही. शब्दचर्चेत आपण मराठी शब्दांची चर्चा करतो. हे ऐकण्यातले गोंधळ आहेत, यांना अलंकार म्हणणं जास्त होतं.

मूळ लेखक :
शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गोंधळ आणि श्लेष यांत फरक नक्की आहे. मामांच्या "हौद"मध्ये गोंधळ होता, कारण मामांना एकच अर्थ माहीत होता आणि आम्हालाही एकच, पण दुसरा. दोन्ही अर्थ कुणा एकाच्या डोक्यात नव्हते. आता मोठेपणी मी तेच मुद्दाम म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ मला ठाऊक असतात, ऐकणाऱ्यालाही असतात, आणि तो एका क्षणात पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. हसू त्या उडीत आहे. उडी मारायला दोन्ही काठ हवेत. तेव्हा गोंधळाचाच पुढं श्लेष होतो, फक्त मधे दुसरी भाषा शिकावी लागते.

पुण्याच्या वाचकाला कळत नाही हे खरं, पण सगळं मराठी पुण्यासाठीच का असावं? बेळगावच्या गणपत गल्लीत, खडेबाजारात भाजी घेताना एकाच वाक्यात दोन भाषा येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या कानात दोन्ही भाषा आहेत त्यांची ही खास मिळकत आहे. मी अलीकडं वर्गात बघतो, काही मुलांना कन्नडाचा कंटाळा, काहींना घरच्या मराठीचा. त्यांना देव्व-देव सांगितलं की ती विचारतात, "यात काय आहे?" मला वाईट वाटतं ते त्यामुळं.

आणि 'मर'बद्दल तर मला गप्प बसवत नाही. कन्नड 'मर'मधला शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, म्हणून तो आपल्या कानाला 'मरा'सारखा लागतो. वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. त्याला 'राम' म्हणता येईना म्हणून तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्यातून 'राम राम' निघालं. मराठीत त्याच्या तोंडी मरण आहे. मला कन्नड शिकवणाऱ्या गुरुजींनी तीच गोष्ट सांगताना समोरच्या पिंपळाकडं बोट दाखवलं होतं. "मर, मर म्हण." त्यांच्या गोष्टीत नारद मरणाकडं बोट दाखवत नाही, झाडाकडं दाखवतो. अंधारात भीती वाटली की आपण राम राम म्हणतो. भूत असतं झाडावर, आणि त्या झाडाचंच नाव उलटं फिरवलं की भुतावरचा उतारा.

प्रतिसाद, चिकोडीहून :
हे पटलं. माझी हरकत मागे. 'नाळे बा' राहिलंय ते मीच घालतो. १९९० च्या दशकात बेंगळुरूकडं अफवा होती की रात्री भूत घरच्या माणसाच्या आवाजात दार वाजवतं. म्हणून लोकांनी दारावर लिहिलं, 'नाळे बा', उद्या ये. भूत वाचतं, परत जातं, उद्या येतं, परत तेच वाचतं. मी तेव्हा कन्नड वाचायला नुकता शिकलो होतो. कुणीतरी कागदावर लिहून दाखवलं तर मला वाटलं, नाळे आडनावाच्या कुणाला 'बा' म्हणून हाक मारली आहे.

मूळ लेखक :
यात श्लेष नाही, पण शब्दाची करामत त्याहून खोल आहे. 'उद्या'चा अर्थ वाचणारा कधी वाचतो यावर ठरतो. आपल्या किराणा दुकानातली पाटी बघा, "आज रोख, उद्या उधार". अगदी तीच युक्ती. दुकानदारानं गिऱ्हाइकाला आणि घरमालकानं भुताला एकाच शब्दानं परत पाठवलं.

प्रतिसाद, हुक्केरीहून :
सर, तुमच्या भाचीच्या सांगाड्याचा विचार करत होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, "सोबत जायला कुणी नव्हतं." उत्तर तिथंच होतं, मला आज दिसलं. कन्नडात 'कुणि' म्हणजे नाच! आज्ञा करतो तसं, तू नाच. कुणित म्हणजे नृत्य. मग असं विचारा :

सांगाडा कार्यक्रमात नाचला का नाही?
कारण त्याला कुणी म्हटलंच नाही.

मूळ लेखक :
हे मी तीनदा मोठ्यानं वाचलं. "त्याला कुणी म्हटलंच नाही", म्हणजे कोणीच म्हटलं नाही. आणि "त्याला 'कुणि' म्हटलंच नाही", म्हणजे नाच असं म्हटलं नाही. वाक्यात एक अक्षर हलत नाही. लिहिताना मराठीत णी दीर्घ आणि कन्नडात ऱ्हस्व, पण शेवटच्या इ-ईचा फरक आपण बोलताना पाळत नाही, तेव्हा कानाला दोन्ही एकच. इंग्रजीत जिथं 'नोबडी' होतं तिथंच आपला 'कुणी' बसला, आणि मी त्याला चार दिवस गार समजून बाजूला ठेवलं होतं. शिवाय कुणि म्हणजे कन्नडात खड्डाही. सांगाड्याच्या गोष्टीत खड्डा, म्हणजे तिसरा अर्थसुद्धा जागेवर.

भाचीला रात्रीच पाठवलं. तिनं सकाळी कळवलं, धारवाडची मुलगी आधी हसली, मग ही हसली.